मुहूर्ताचं ऊन

देवदूताच्या कमरेला करदोटा बांधायचा की नाही, या प्रश्नावर माझ्या साइटवर एक अख्खी सकाळ गेली. मालकीणबाई बांधाच म्हणत होत्या. सिल्लोडचा प्लास्टरवाला मचाणावर बसून, हातातली थापी हलवत, "बोलो म्याडम, बांधना के नक्को?" असं परत परत विचारत होता. आणि मी, वास्तुकलेची पदवी घेतलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई, खाली उभी राहून त्या गुटगुटीत, पंख फुटलेल्या, नागड्या प्लास्टरच्या बाळाकडं बघत होते.

"लेकरू असं उघडं ठेवतेत व्हय?" वहिनी म्हणाल्या. मालकीणबाईंना मी वहिनी म्हणायचे. "आन् समद्या लग्नाच्या बायका बघणार. दिष्ट लागंल की. गालाला तीट पण लावा."

करदोटा बांधला. तीट लावली. मग एकट्यालाच का, म्हणून भिंतीवरच्या सगळ्या बाळांना करदोटे आले आणि पायांत वाळेही आले. इटलीतून निघालेली ती बाळं बीड बायपासला पोचेपर्यंत पक्की मराठवाड्याची झाली होती. प्लास्टरवाला खूश. म्हणाला, "अब लगरा अपने घर का बच्चा."

मी या थराला कशी आले, ते सांगायला हवं.

मी या गावात आर्किटेक्ट आहे. आधीची कितीतरी वर्षं मी उघड्या विटांची घरं बांधली. काळा दगड, विटांच्या जाळ्या, उन्हाळ्यातही गार राहणाऱ्या खोल्या. मला ती घरं फार आवडायची. ज्यांच्यासाठी बांधायचे त्यांना ती अर्धवट वाटायची. एका वास्तुशांतीला पाहुण्यांनी घरमालकाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय झालं, गुत्तेदार पळून गेला का?" त्या सद्गृहस्थांनी सहा महिन्यांच्या आत माझ्या विटांवर प्लास्टर चढवलं आणि वर पोपटी रंग दिला. रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "म्याडम, आता या बघायला. आता कसं पूर्ण झालंय."

तर मला काय हवं होतं, ते सरळ सांगते. या गावात कुणीतरी माझ्या एखाद्या इमारतीसमोर थांबावं आणि म्हणावं, ही तिनं केलीय. नुसतं ओळखावं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणूस किती खालच्या पातळीला जाऊ शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि हे सगळं ज्याच्याकडं आधीच होतं, तो समोरचा.

समोरचा म्हणजे माझा वर्गमित्र. कॉलेजात त्याचं ड्रॉइंगचं टेबल माझ्या टेबलासमोर. पुढं ऑफिस घेतलं तर गारखेड्यात, आमच्याच गल्लीत, माझ्या खिडकीसमोर. म्हणून मी त्याला घरी-दारी समोरचा म्हणते. माझ्या नवऱ्यालाही त्याचं खरं नाव आठवायला क्षणभर लागतं. उंच, गोरापान, बारा महिने पांढरे कपडे, आणि जिभेवर साखर. गिऱ्हाईक आलं की स्वतः जिना उतरून खाली यायचा. माझ्याकडं आलेली माणसं जिना चुकून त्याच्याकडं जायची आणि तिकडंच चहा पिऊन तिकडचीच व्हायची.

त्यानं बीड बायपासला एक लग्नाचा हॉल बांधला होता. गोल खांब, वर सोनेरी पानं, छतावर ढग आणि ढगांत पंखवाली बाळं. त्याला तो 'बरोक' म्हणायचा. बरोक म्हणजे खरं तर सरळ रेषेला कंटाळलेल्या लोकांनी युरोपात तीन-चारशे वर्षांपूर्वी केलेलं काम. भिंती वळवायच्या, उजेड लपवून आणायचा, आत आलेल्या माणसाला चकित करायचं. समोरच्यानं त्यातली फक्त बाळं घेतली होती. पण रिक्षावाल्याला नुसतं 'परियोंवाला हॉल' म्हटलं तरी तो "हौ, मालूम" म्हणून रिक्षा सुरू करायचा. आणि वर सांगायचा, की कौनसे साब ने बांध्या. रिक्षात बसून मी स्वतः हे ऐकलंय. जळायचे मी. उगाच कशाला खोटं बोलू, चांगली धूर निघेपर्यंत जळायचे.

कॉलेजात आम्हाला एक सर होते, ते रोमच्या दोन आर्किटेक्टांची गोष्ट फार रंगवून सांगायचे. एकाच गावात, एकाच काळात दोघं. एक दरबारी, गोड बोलणारा. सगळी मोठी कामं त्याला, सगळे मान त्याला. दुसरा तिरसट, कुणाशी न पटणारा. पण एवढ्याशा जागेत त्यानं असा लांबट घुमट उभा केला की लोक अजून मान वर करून बघतात. जिवंत असेपर्यंत त्याला कुणी विचारलं नाही. सर शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, "काळ कुणाला लक्षात ठेवतो, ते बघा." त्या दिवशी वर्गातून बाहेर पडताना मला खात्री झाली होती की तो दुसरा म्हणजे मी. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं, समोरच्यालाही त्या दिवशी अगदी हीच खात्री झाली होती. जिभेवर साखर असलेल्या माणसाला तिरसट कोण म्हणतंय.

तर एक दिवस पाचोडकडचे दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, माझ्या ऑफिसात आले. जमीनजुमलावाली माणसं, बायपासला समोरच्याच्या हॉलच्या बरोबर पुढ्यात त्यांची जागा. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "म्याडम, आपल्याला त्याच्यापरीस भारी पायजे. त्याच्यावानी नाय. त्याच्यापरीस. पोरीचं लगीन हाय, पहिलं लगीन तिचंच लावायचं तिथं."

"मग त्यांच्याकडंच का नाही गेलात?" मी विचारलं.

"त्यो सोताच्या हॉलापरीस भारी कामून बांधंल?" दादा म्हणाले. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की मी असली कामं करत नाही. नवरा कॉलेजात गणित शिकवतो, त्यामुळं त्याला कुणाच्या भावना पटकन कळत नाहीत. तो म्हणाला, "समोर बांधायचंय? समोरच्याच्या समोर?" मी हो म्हणाले. "मग करणारच तू. उगाच जेवण कशाला थंड करतेस."

मी ठरवलं, करायचं तर खरंखुरं बरोक करायचं. नुसती बाळं चिकटवायची नाहीत. जुनी पुस्तकं काढली, नकाशे बघितले, आणि काय सांगू, मी त्या कामाच्या प्रेमातच पडले. ज्याला मी इतकी वर्षं नाकं मुरडली, त्यात केवढी अक्कल होती! भिंत वळली की माणसाचं पाऊल आपोआप वळतं. उजेड कुठून येतो ते दिसलं नाही की माणूस आपोआप गप्प होतो. आमच्या लग्नांत माणसं गप्प होतील ही आशा जरा जास्तच होती, पण मी ती धरली.

तिकडं समोरच्याला खबर लागली. माझ्या बाळांना करदोटे बांधल्यावर आठवड्याभरात त्याच्या बाळांनाही करदोटे आले. मग त्यानं गेटावर दोन सिंह बसवले, जबडे उघडून, तोंडं आमच्या गेटाकडं. दादा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "म्याडम, आपल्यावर गुरकावून राह्यले ते." मी म्हणाले, थांबा. आमच्या गेटावर मी दोन हत्ती बसवले, सोंडा आत, पाठी रस्त्याकडं. समोरच्याच्या सिंहांना आता दिवसभर हत्तींच्या ढुंगणाकडं बघत गुरकावावं लागणार होतं. दादांना हे इतकं आवडलं की त्यांनी गावाकडच्या माणसांना जीप भरभरून दाखवायला आणलं. समोरचा दुसऱ्या दिवशी गल्लीत भेटला तेव्हा म्हणाला, "हत्ती छान झालेत हं. विशेषतः शेपट्या." मी थँक्यू म्हणाले आणि तीन दिवस त्या वाक्यावर खूश होते.

पण माझं खरं काम हत्तींत नव्हतं, घुमटात होतं.

हॉल लांबट गोल केला, अंड्याच्या आकाराचा, आणि वर तसाच घुमट. बोहलं पश्चिमेच्या टोकाला, पाहुणे पूर्वेला. आणि बोहल्याच्या बरोबर वर, घुमटाला मी दक्षिणोत्तर एक लांब, अरुंद फट ठेवली, वर काच. कुठल्याही ऋतूत सूर्य भर दुपारी डोक्याशी आला की त्या फटीतून उन्हाचा एक पट्टा सरळ बोहल्यावर उतरणार. आमच्याकडं लग्नाचा मुहूर्त म्हणजे बहुतेक दुपारचा, साडेबाराच्या आसपासचा. म्हणजे भटजींनी 'सावधान' म्हणायचं, अंतरपाट बाजूला व्हायचा, आणि त्याच घडीला नवरा-नवरीवर वरून ऊन पडायचं. बाकी सगळा हॉल मंद. नुसती ती दोघं उजेडात. नवऱ्यानं सूर्याचं सगळं गणित दोनदा तपासलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." त्याच्या तोंडून हा शब्द लग्नानंतर क्वचितच ऐकलाय.

घुमटाला फट पाडणं सोपं नसतं. घुमट म्हणजे सगळ्या बाजूंनी एकमेकांना रेटून उभा राहिलेला प्रकार. मध्ये चीर दिली की दोन्ही अर्धे आत कलायला बघतात. ते मी कसं सांभाळलं, हे गावात कुणालाही कधी विचारावंसं वाटणार नाही याची मला कल्पना होती. दादांना तर वाटायचं की फट राहून गेलीय आणि मी आता सारवासारव करतेय. पण उजेड कळल्यावर तेही हरखले. "माह्या पोरीच्या डोक्यावर ऊन येनार? मुहूर्तावर? भले!"

तुळशीच्या लग्नानंतरच्या एका मुहूर्तावर लग्न ठरलं. पत्रिकेवर बारा पस्तीस. मी सूत्रसंचालकाला आधीच गाठलं. त्याचा आवाज भारदस्त आणि मिशी त्याहून भारदस्त. त्याला सांगून ठेवलं, की ऊन पडेल, लग्न लागेल, मग लगेच आर्किटेक्टचा सत्कार पुकारायचा. फेटा, शाल, नारळ तयार होता. आमच्या भागात सत्कार झाल्याशिवाय कुणाला जेवण पचत नाही. आर्किटेक्ट म्हणजे मीच, हे वेगळं सांगावं असं मला वाटलं नाही.

त्या दिवशी मी मधल्या रांगेत बसले होते, शेजारी नवरा. साडेबारा झाले. फटीतून ऊन उतरलं. अगदी रेघ मारल्यासारखं बोहल्यावर आलं. मी आयुष्यात इतकं सुंदर काही केलेलं नव्हतं. सगळा हॉल मंद, आणि मधोमध तो लख्ख पट्टा. त्या पट्ट्यात भटजी एकटे बसून केळं खात होते.

नवरदेव आलेला नव्हता. तो बायपासच्या चौकात घोड्यावर होता आणि त्याच्यापुढं त्याचे मित्र नाचत होते. डीजेचा धडधडाट आतपर्यंत ऐकू येत होता. मी नवऱ्याकडं बघितलं. तो घड्याळाकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भयंकर गोष्ट उमटत होती. आम्ही दोघांनी सूर्याचं गणित केलं होतं. मराठवाड्यातलं लग्न वेळेवर लागत नाही, हे या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही आमच्या स्वतःच्या लग्नात दीड तास उशिरा बोहल्यावर चढलो होतो. तरी एवढी शिकलेली दोन माणसं पत्रिकेवरच्या वेळेवर विसंबली होती!

ऊन कुणासाठी थांबतं का. पट्टा हळूहळू पूर्वेकडं सरकायला लागला. बोहल्यावरून उतरला, पायऱ्यांवर आला. खाली पुढच्या रांगेत सोफे होते, मानाच्या पाहुण्यांचे. एकाचे बूट उजळले, मग गुडघे. मी हात चोळत बसले होते. "थोडं धर ना," मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "काय धरू?"

नवरदेव शेवटी आला. मामानं नवरीला आणलं, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, 'सावधान' झालं, अक्षता पडल्या. नवरा-नवरी बिचारी अंधुक उजेडात. आणि पुढच्या रांगेत, मधल्या सोफ्यावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, वरून पडलेल्या लख्ख उन्हात नखशिखान्त उजळलेला एक माणूस बसला होता. फोटोवाले त्याच्याकडं वळले. बायका माना उंचावून बघायला लागल्या. समोरचा.

तो नवऱ्या मुलाकडून आला होता. त्यांचं घर त्यानंच बांधलेलं. सूत्रसंचालकानं फटीकडं बघितलं, मग उन्हाकडं, मग उन्हातल्या माणसाकडं, आणि त्याला सगळा उलगडा झाला. भारदस्त आवाजात तो म्हणाला, "आणि हा स्वर्गीय प्रकाश ज्यांनी आपल्या अंगणी उतरवला, ते थोर वास्तुशिल्पकार आज याच प्रकाशात आपल्यासमोर विराजमान आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला वाटलं, आता तो उठून सांगेल. तो उठला. हात जोडले. चारी बाजूंना वाकून नमस्कार केला. फेटा बांधून घ्यायला डोकं पुढं केलं.

मी ताडकन उठले होते. नवऱ्यानं पदर धरून खाली बसवलं. "वरपक्षाचा पाहुणा आहे," तो म्हणाला. आणि तिथं मी हरले. वरपक्षाच्या पाहुण्याच्या डोक्यावर चढलेला फेटा मुलीकडच्यांनी भर मांडवात उतरवायचा, हे आपल्याकडं कधी कुणी केलंय का? बोहल्यावर उभे असलेले दादा माझ्याकडं बघत होते. घामाघूम चेहरा, हात जोडलेले, छातीशी अगदी खाली, मलाच दिसतील असे. नंतर गर्दीतून वाट काढत आले. "म्याडम, मला समदं कळतंय. पण लगीनघर हाय. आज पोटात घाला." त्यांची मुलगी सासरी चालली होती. मी पोटात घातलं.

जेवायला गेले ती केवळ रागानं. ताट घेऊन कोपऱ्यात उभी होते, तेवढ्यात समोरचा आला. डोक्यावर माझा फेटा. ताटात जिलेबी आणि टम्म फुगलेली पुरी. मी म्हणाले, "एक अक्षर बोललास तर वरण ओतीन अंगावर."

त्यानं पुरी उचलली, माझ्यासमोर धरली आणि नखानं वर मधोमध चीर दिली. वाफ निघाली, पुरी खाली बसली.

"ही बसली," तो म्हणाला. "तुझी का बसत नाही? मी मघापासून बघतोय. सगळ्या सत्काराच्या वेळी वरच बघत होतो. दोन्ही अर्धे धरलेत कशानं?"

इतकी वर्षं या गावात मी बांधतेय. प्लास्टर कधी, पार्किंग कुठं, ईशान्येला संडास का, सगळं विचारून झालंय मला. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला फार राग आला.

पण सांगितलं. सगळं सांगितलं. फटीच्या दोन्ही कडांना आतून कमानी दिल्यात, त्या खाली उतरतात त्या भिंतीवरच्या प्लास्टरच्या मोरांच्या पिसाऱ्यामागं. पिसारे त्यासाठीच एवढे मोठे केलेत. बुडाशी सगळ्या घुमटाला एक कडं आहे, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते तसं, ते फुलांच्या माळेच्या आत दडवलंय. बाळं त्या माळेला लोंबकळलेली दिसतात. खरं तर माळेनं घुमट धरलाय. समोरच्यानं खाणं थांबवलं. "पिसाऱ्यामागं," तो म्हणाला. "हरामखोर आहेस तू." आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा मान नाही. दोघांची ताटं गार झाली. वाढपी पोळ्यांचा आग्रह करून कंटाळून गेले.

शेवटी त्यानं आणखी एकच गोष्ट विचारली. "ऊन कुठल्या वेळेला धरलंस?"

"बारा पस्तीस. पत्रिकेवर होतं तेच."

तो हसायला लागला. इतका हसला, की फेटा एका कानावर आला.

त्यानंतरचा उन्हाळा माझ्या हॉलला भोवला. आमच्याकडचं एप्रिल-मे महिन्यातलं ऊन म्हणजे थट्टा नव्हे. लग्नं दोन-दोन वाजता लागत राहिली आणि माझा पट्टा बरोबर मानाच्या सोफ्यांवर येत राहिला. वरबापांच्या टकलांना चटके बसले. एका विहीणबाईंना घेरी आली आणि मुलीकडच्यांनी मुद्दाम केलं म्हणून रुसवा झाला, तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही. दादांनी फार दिवस कळ काढली. मग एक दिवस फोन आला, आवाज पडलेला. "म्याडम, रागावू नका. वर ताडपत्री टाकली."

मी बघायला गेले. निळी ताडपत्री, चारी कोपरे दोऱ्यांनी बांधलेले. आत घुमट तसाच, पिसारे तसेच, बाळं तशीच करदोटे बांधून. फक्त ऊन नव्हतं. दादा माझ्याशेजारी उभे राहून वर बघत होते. मी म्हणाले, चालायचंच. घरी येऊन कपाटातले नकाशे वरच्या फळीवर टाकले.

वर्ष-दीड वर्षानं बातमी आली, की समोरचा पैठण रोडला हॉल बांधतोय. अंड्याच्या आकाराचा. वर घुमट, घुमटाला फट. मी खवळले. नवरा म्हणाला, "तूच सांगितलंस ना त्याला सगळं? ताट हातात धरून?" मी म्हणाले, विचारलं म्हणून सांगितलं, बांध म्हणून नाही सांगितलं. तक्रार तरी कुणाकडं करायची? आमच्या गावातली सगळ्यात प्रसिद्ध इमारत मकबरा, आणि तो बघायला येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य ताजमहालावर बोलतो. या गावात नकलेचं कुणाला काही वाटत नाही. गाव तीनशे वर्षं त्यावर तिकिटं फाडतंय, असं नवरा म्हणाला. तीनशे वर्षं तिकिटं नव्हती, असं मी म्हणाले, आणि आमचं भांडण त्या दिशेनं गेलं.

हॉल तयार झाला. लोक तोंडात बोटं घालत होते, हे कानावर यायचंच. मग समोरच्याचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच फोन केला. नाहीतर खिडकीतूनच ओरडायचा. "रविवारी लग्न आहे तिथं. ये. जेवायला नको येऊ. बघायला ये."

मी गेले. चांगली इस्त्रीची साडी नेसून, आणि तोंडावर काहीही दिसू द्यायचं नाही असं ठरवून. बायकांच्या बाजूला, कडेला बसले. पत्रिकेवरची वेळ झाली तेव्हा नवरदेव अर्थातच नव्हता. ऊन आलं, पण ते बोहल्याच्या मागच्या भिंतीवर, झेंडूच्या माळांवर. कुणाचं लक्षही गेलं नाही. मी वर बघितलं. फट बोहल्याच्या वर नव्हती. ती मागं होती, पश्चिमेला, बऱ्यापैकी मागं.

बाहेर नाच चालू होता. आत भिंतीवरचं ऊन हळूहळू खाली उतरत, पुढं येत होतं. मामा नवरीला घेऊन आला. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि ऊन बोहल्याच्या काठाशी आलं. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट बाजूला झाला तेव्हा ती दोन पोरं उन्हात उभी होती. नुसती ती दोघं. मुंडावळ्या चमकत होत्या, नवरी डोळे किलकिले करून हसत होती. आणि तो सगळा गलबल्याचा, फोनवर बोलणारा, पोरांना रागावणारा हॉल गप्प झाला. मी माझ्या टेबलावर, कागदावर, जे बघितलं होतं तेच. तसूभरही कमी नाही. एक गोष्ट त्यानं जास्त केली होती. त्यानं आमच्या लोकांना ओळखून ऊन बसवलं होतं. राग आला मला, आणि इतका आनंद झाला की तो राग कुठं ठेवावा कळेना.

मग मला समोरचा दिसला. खांबाशी उभा होता. सगळा हॉल उन्हाकडं बघत होता आणि तो उन्हाकडं बघतच नव्हता. बायकांच्या रांगांवरून त्याची नजर फिरत होती, कुणाला तरी शोधत होती. मी सापडले तशी थांबली. एवढी माणसं त्याच्या कामाकडं आ वासून बघत होती, आणि हा बाबा माझं तोंड बघत होता. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी पोरं बघतात तसा.

माझ्या हॉलवर ताडपत्री होती. माझं ऊन आता या गावात फक्त त्याच्या बोहल्यावर पडत होतं. मान फिरवायचा मला पूर्ण हक्क होता, आणि ती फिरवण्याची तयारी मी घरून करून आले होते. मला ते जमलं नाही. मी मान डोलावली. चांगली जोरात, लांबून दिसेल अशी. त्यानं डोळे मिटून घेतले आणि खांबाला टेकला.

अक्षता पडायला लागल्या, ताशा सुरू झाला, आणि मला रडू फुटलं. थांबवावं म्हटलं तर थांबेना. शेजारच्या अनोळखी बाईनं मला जवळ ओढलं, स्वतःचा रुमाल दिला, पाठीवरून हात फिरवत राहिली.

"व्हतं असं," ती म्हणाली. "मुलीकडच्या का तुमी?"

"हो," मी म्हणाले. "मुलीकडचीच."